यमुनाबाईंच्या नावावरचा पलंग

हँडलवाला पलंग सध्या कुणाच्या घरी आहे हे विचारायचं झालं, तर शहापूर तालुक्यातली माणसं भागीरथीला फोन करायची आणि मुरबाड तालुक्यातली राघोला. दवाखान्यात असतो तसला लोखंडी पलंग. एक हँडल फिरवलं की डोकं वर, दुसरं फिरवलं की पाय वर. तो सापगावच्या महिला मंडळाचा होता, म्हणजे भागीरथीचाच, कारण मंडळात बाकीच्या सगळ्या सभासद होत्या आणि कामाला ती एकटी होती. राघो धसईचा. एसटीतनं कंडक्टर म्हणून रिटायर झालेला, आता ज्येष्ठ नागरिक संघ चालवायचा. त्याच्याकडे ऑक्सिजनचं मशीन आणि हवेची गादी. आणखी तीन संस्थांकडे वॉकर, चाकाची खुर्ची, कमोडची खुर्ची असं एकेक. संस्था पाच, पण सामान सगळ्यांचं.

पद्धत साधी होती. ज्या घरचं काम झालं, मग माणूस उठून हिंडायला लागला म्हणा की गेला म्हणा, त्या घराने सामान धुवायचं आणि पुढच्या आजाऱ्याच्या घरी स्वतः नेऊन पोचवायचं. तिथे चहा घ्यायचा आणि घरच्यांना दाखवायचं, की कूस कशी बदलायची, अंगाखालची चादर कशी ओढायची, आणि म्हातारा शिव्या द्यायला लागला की काय ऐकलंच नाही असं करायचं. भातसानगरच्या कॉलनीतले एक साहेब बापाचं तेरावं झाल्यावर दुसऱ्याच दिवशी पलंग घेऊन डोळखांबला गेले होते. तिथल्या सुनेला तासभर शिकवत बसले. रडत होते आणि शिकवत होते. हे कुठल्या रजिस्टरात नव्हतं.

मग मुंबईच्या एका फाउंडेशनला ही पद्धत कळली. त्यांना ती इतकी आवडली, की त्यांनी ती सुधारायचं ठरवलं.

मे महिन्यात मुरबाडला एक पत्र्याचा हॉल घेऊन त्यांनी सह-रचना कार्यशाळा लावली. पाचही संस्थांनी एकत्र बसून, आपल्या हाताने, आपल्या सामायिक सामानाची नवी व्यवस्था रचायची असा बेत. एकतीस माणसं जमली. कार्यशाळा घेणारी मनस्वी, सव्वीस वर्षांची पोरगी, पाठीवरच्या सॅकमध्ये रंगीत चिकट चिठ्ठ्यांचे गठ्ठे घेऊन आली होती. तिने सांगितलं, की आज इथे कुणी मोठं नाही, कुणी छोटं नाही, सगळे सारखेच रचनाकार. एवढं सांगून झाल्यावर फाउंडेशनचे प्रमुख जगदीश सर आले आणि त्यांच्यासाठी सोफा आणला.

ओळख म्हणून प्रत्येकाने आपण कोणता प्राणी आहोत ते सांगायचं होतं. पहिला माणूस म्हणाला बैल. पुढची अकरा माणसं बैल म्हणाली, कारण वेगळं काही सांगितलं तर शहाणपणा केल्यासारखं दिसलं असतं. राघोने विचारलं, रिटायर झालेला प्राणी चालेल का.

मग चिठ्ठ्या. अडचणी पिवळ्यावर लिहायच्या, उपाय हिरव्यावर, आणि भिंतीवर चिकटवायच्या. पण पंखा लावला की चिठ्ठ्या उडायच्या, म्हणून पंखा बंद. मुरबाडचा मे आणि पत्र्याचा हॉल. दुपारपर्यंत माणसं निथळत होती, चिठ्ठ्या तेवढ्या कोरड्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी न राहवून पंखा पाचावर केला आणि एका मिनिटात भिंत मोकळी. बायांनी धावाधाव करून सगळ्या चिठ्ठ्या गोळा केल्या आणि जागा दिसेल तिथे लावून टाकल्या. पुढे फाउंडेशनने गुळगुळीत कागदावर अहवाल छापला, त्यात उपाय क्रमांक तीन असा होता: पेशंट जिन्यात अडकतो.

शेवटी सात कल्पना उरल्या. भागीरथीची होती, आणखी एक पलंग घ्यावा. राघोची, प्रत्येक एसटी स्टँडवर एक फळा लावावा, कुठलं सामान कुठल्या गावी आहे ते त्यावर लिहावं. बाकी संस्थांच्या चार. आणि सातवी जगदीश सरांनी चहाच्या वेळी सोफ्यावरनं सुचवली: शहापुरात काचेचं एक केंद्र काढायचं, सगळं सामान तिथे ठेवायचं आणि मोबाइलवरनं बुकिंग.

मनस्वीने प्रत्येकाला आठ लाल ठिपके दिले. आवडलेल्या कल्पनेला ठिपका लावायचा.

इथे एक गोष्ट मनस्वीच्या पुस्तकात नव्हती. या भागात पंगतीला एकाच्या पानात जिलेबी आणि शेजारच्याचं पान कोरडं, असं वाढता येत नाही. माणूस जेवणावरनं उठून जातो आणि तीन पिढ्या बोलत नाही. तेव्हा एकतीसच्या एकतीस माणसांनी, एकमेकांशी चकार शब्द न बोलता, सातही कल्पनांना एकेक ठिपका लावला. कुणाला वाईट वाटायला नको. मग हातात एकेक ठिपका उरला. तो काही घरी न्यायची वस्तू नव्हती, आणि सर पाहुणे होते.

भागीरथीनेही आपला आठवा ठिपका पाहुण्यांच्या कागदावर लावला. वर बोटाने दाबला, पडायला नको म्हणून.

काचेचं केंद्र दुप्पट मतांनी निवडून आलं. मनस्वीने दोनदा मोजलं. अहवालात लिहिलं, समुदायाने स्वतःच्या हाताने निवडलेला उपाय. ते खोटं म्हणायला जागा नव्हती.

दिवाळीनंतर टेम्पो येऊन सामान घेऊन गेला. शहापुरात रस्त्यालगत भाड्याच्या गाळ्याला काचा लागल्या, आत प्रत्येक वस्तूला वेगळा काचेचा कप्पा, त्यावर चौकोनी कोड. लोक त्याला काचघर म्हणायला लागले. भागीरथीला वाईट वाटलं, पण तिने पलंग जाऊ दिला होता. ठिपका दिला होता.

त्याच आठवड्यात सापगावात तिच्या शेजारचा कोंडूमामा पडला. भाताच्या भाऱ्यांची उडवी पोरांनी वाकडी रचली म्हणून सत्तराव्या वर्षी स्वतः वर चढला, सरळ करून दाखवली, आणि त्या सरळ उडवीवरनं खाली आला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत लोखंड घातलं, आठव्या दिवशी घरी आणला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जमिनीवर झोपवू नका, डोकं वर ठेवा, पाठ जपा. सकुमामी, म्हणजे त्याची बायको, चाळीस किलोची. तो तिच्या दुप्पट. घरात होती ती सुतळीची खाट, आणि ती मधे झोळीसारखी लोंबायची, म्हणून शेवटी जमिनीवरच गोधड्या घातल्या.

चौथ्या दिवशी भागीरथीने त्याला कुशीवर केला आणि पाठ बघितली. माकडहाडावर तळहाताएवढा लाल चट्टा. बोटाने दाबला तरी पांढरा होईना. तिने इतक्या पाठी बघितल्या होत्या, की पुढचं तिला वाचून दाखवायची गरज नव्हती. अजून चार-पाच दिवस जमिनीवर, की कातडी सुटणार. एकदा सुटली की या वयात ती भरून येत नाही.

ती तशीच शहापूरला गेली. पलंग समोर होता, काचेच्या आत, त्याच्यावर पांढरी चादर, चादरीवर गुलाबाची पाकळी. केंद्र सांभाळायला बसलेल्या मनस्वीने लॅपटॉप उघडला, बघितलं, आणि ओशाळून म्हणाली, की पलंग बुक आहे. एकतीस डिसेंबरपर्यंत.

"कुनाच्या नावानं?"

"यमुनाबाईंच्या."

भागीरथीने डोकं खाजवलं. शहापूर तालुक्यात अशी कुणी पडलेली यमुना तिला माहीत नसावी, हे होणं शक्यच नव्हतं. मनस्वीने भिंतीवरच्या पोस्टरकडे बोट केलं. पोस्टरवर ओढणी घेतलेली एक बाई होती, डोक्यावर पितळेची कळशी, मागे वाळवंट. खाली लिहिलं होतं: यमुना, वय बावन्न, ग्रामीण. अडचण: माहितीचा अभाव. स्वप्न: सक्षम होणे.

"ताई, ही खरी नाहीये," मनस्वी म्हणाली. "म्हणजे, तुम्हा सगळ्यांना एकत्र करून आम्ही एक व्यक्ती तयार केली. तिच्या गरजा धरून सगळं डिझाइन केलंय."

"माझं काय घेतलंय हिच्यात?"

मनस्वीने पोस्टरकडे बघितलं. "वय," ती म्हणाली.

भानगड अशी होती. बुकिंगचं सॉफ्टवेअर चालतं का ते बघायला बंगळुरूच्या कंपनीने यमुनेच्या नावाने पलंग बुक केला होता. तो सोडवायचा तर यमुनेच्या मोबाइलवर ओटीपी जायचा. यमुनेचा नंबर दहा वेळा नऊ. त्या नंबरवर तीनदा ओटीपी गेला होता आणि यमुनाबाईंनी एकदाही उत्तर दिलं नव्हतं. मनस्वीने कंपनीला कळवलं होतं, तिकीट उघडलंय, म्हणजे तक्रार नोंदवलीय, असं त्यांचं उत्तर आलं होतं. हे फोनवर ऐकून राघो म्हणाला, तिकीट फाडून चार दिवस गाडी हलत नाही अशी नोकरी मी केली असती, तर धसईच्या लोकांनी मला गाडीमागे बांधून मुरबाडपर्यंत पळवला असता.

भागीरथीने जगदीश सरांना फोन लावला. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना फार वाईट वाटलं, असं त्यांनी दोनदा सांगितलं. पण शनिवारी उद्घाटन, मुंबईहून देणगीदार मॅडम येणार, कप्पा रिकामा कसा दाखवायचा, आणि एकदा एकाला नियम मोडून दिलं की व्यवस्थेला अर्थ राहत नाही. तोवर पाठीला जखम होऊ नये म्हणून काय करायचं त्याचा व्हिडिओ त्यांनी पाठवून दिला. सकुमामीने तो नीट लक्ष देऊन बघितला. व्हिडिओतला माणूस हँडलवाल्या पलंगावर झोपला होता.

त्या रात्रीपासून मंडळाच्या बायांनी पाळ्या लावल्या. दर दोन तासांनी दोघी जाऊन मामाची कूस बदलायच्या. मामा त्यांना शिव्या द्यायचा आणि त्या ऐकलंच नाही असं करायच्या. चट्टा वाढत नव्हता, पण हटतही नव्हता. राघो शुक्रवारी धसईहून आला तो कोरे कागद घेऊन. त्याचं म्हणणं, रीतसर अर्ज करू, पाचही संस्थांच्या सह्या घेऊ.

"अर्ज नको," भागीरथी म्हणाली. "आपला पलंग, आपन अर्ज करायचा? माझ्या बोटानं ठिपका लावला मी. आता त्याच बोटानं काढते. तुमी येताना सतरा नंबरचा पाना आना."

शनिवारी काचघराला झेंडूच्या माळा लागल्या होत्या. देणगीदार मॅडम आल्या, बरोबर चार-पाच माणसं, एक फोटोवाला. पाचही संस्थांची माणसं मागे उभी होती, कारण खुर्च्या पाहुण्यांना पुरल्या. मनस्वी सूत्रसंचालन करत होती. जगदीश सर तासभर बोलले. ही व्यवस्था वरून लादलेली नाही, असं ते म्हणाले, समुदायाच्या आतून उगवलेली आहे, लोकांनी ती वापरून बघायची आणि मग सुधारायची. मग ते म्हणाले, समुदायाचा आवाज ऐकू या, आणि त्यांनी भागीरथीला पुढे बोलावलं.

भागीरथी माइकपाशी गेली. पदर खांद्यावर घेतला.

"आमची यमुना गेली," ती म्हणाली.

देणगीदार मॅडमनी भिंतीवरच्या पोस्टरकडे बघितलं, कारण खाली नाव लिहिलेलं होतं.

"हीच ती," भागीरथी म्हणाली. "पंधरा दिस झालं, ह्या पलंगावर हिचं नाव हाय. एकदा तरी कुनी इचारायला आलं का, बाई कशी हाय म्हनून? तीनदा निरोप पाठवले, तिनं उत्तर दिलं नाय, तरी कुनाला शंका आली नाय. काल आमीच ठरवलं, आता ही नाय. चांगली बाई होती. हिला आमच्यातलं कायपन माहीत नव्हतं, पर कुनाचं वाईट केलं नाय. दोन मिन्टं उभं ऱ्हाऊन श्रद्धांजली वाहू या."

जगदीश सर तोंड उघडणार तोच देणगीदार मॅडम उठून उभ्या राहिल्या, मान खाली घालून. त्या उठल्यावर त्यांची माणसं उठली. फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला. सरांनाही उठावं लागलं. राघोने टेबलावरचा पाहुण्यांसाठी आणलेला मोठा हार उचलला, यमुनेच्या पोस्टरला घातला आणि हात जोडले. मग वळला, मोकळ्या दारातनं काचेच्या कप्प्यात शिरला, आणि खिशातनं पाना काढला.

श्रद्धांजली चालू असताना माणसाला दोनच गोष्टी करता येतात. मान खाली घालता येते आणि डोळे मिटता येतात. बोलता येत नाही. देणगीदारांसमोर तर नाहीच. जगदीश सरांनी एक डोळा उघडला तेव्हा राघोचा पहिला बोल्ट निघाला होता. सर खाकरले. मॅडमनी मान न उचलता त्यांच्याकडे असं बघितलं, की सर पुन्हा मान खाली घालून उभे राहिले. पाना लोखंडावर वाजत होता, टिक, टिक. दुसरा बोल्ट. तिसरा गंजलेला होता. भागीरथीने आत जाऊन हँडल धरून ठेवलं, राघोने जोर लावला, कर्रर्र झालं, आणि मागच्या रांगेतल्या एका बाईने तो आवाज झाकायला मोठ्याने हुंदका दिला. मग दुसरीनेही दिला. बघता बघता यमुनेसाठी सहा-सात बाया रडायला लागल्या.

दोन मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. शांतता संपली असं सांगायचं काम मनस्वीचं. ती माइकसमोर डोळे मिटून उभी होती, हातातल्या मोबाइलवर घड्याळ चालू. तिने एकदा डोळे उघडले. पलंगाची डोक्याकडची जाळी दारातनं बाहेर जात होती, मधला सांगाडा चार माणसांच्या हातात होता आणि तो काचेला लागू नये म्हणून ती माणसं वाकडी होऊन चालली होती. मनस्वीने परत डोळे मिटले. बाहेर भागीरथीने आणून ठेवलेला टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला, मग गिअर पडल्याचा.

"ॐ शांती," मनस्वी म्हणाली.

सर भागीरथीवर धावून आले नाहीत, फोटोवाला होता. दात आवळून त्यांनी एवढंच विचारलं, की हे काय चाललंय.

"वापरून बघतोय," भागीरथी म्हणाली. "तुमीच म्हनला होता ना, लोकांनी वापरून बघायचं आनि मग सुधारायचं."

मॅडमना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

बाकीच्या चार संस्थांनी आपापलं सामान तिथेच उचललं. ऑक्सिजनचं मशीन राघोने चाकाच्या खुर्चीत बसवून स्टँडपर्यंत ढकलत नेलं. रस्त्यावरची माणसं बाजूला होऊन वाट देत होती. काचघरात शेवटी कप्पे, कोड आणि हार घातलेली यमुना उरली.

मामाला दुपारीच पलंगावर घेतला. डोळखांबहून ती सून आली होती, भातसानगरच्या साहेबांनी शिकवलेली. तिने सकुमामीला एकट्या बाईने दुप्पट वजनाचा नवरा कसा वळवायचा ते दाखवलं, आणि मामीने पहिल्या झटक्यात वळवला. मामा म्हणाला, एवढी ताकद होती तर इतकी वर्षं कुठं ठेवली होतीस. आठवड्यात चट्ट्याचा लाल रंग फिका झाला.

आणि आठव्या दिवशी जगदीश सर सापगावात आले. गाडी मामाच्या अंगणात लावली. बरोबर ड्रायव्हर आणि एक कागद. कागदावर लिहिलं होतं, की पलंग केंद्राच्या सामायिक मालमत्तेत सामील झालेला आहे, सबब तो तात्काळ परत करावा. भागीरथीला त्यांनी एकतीस जणांच्या ठिपक्यांचा फोटो दाखवला.

"ठिपके आमीच दिले," भागीरथी म्हणाली. "पाहुने म्हनून दिले. पाहुना जेवून उठला की घरी जातो, घर नावावर करून मागत नाय."

सर म्हणाले, मला वाद घालायचा नाही, मला पलंग हवा आहे.

"न्या की. कोन अडवतंय? फकस्त त्याच्यावर मानूस हाय. त्याला आधी तुमच्या हातानं खाली ठेवा. आमी हात लावनार नाय."

सकुमामीने जमिनीवर एक गोधडी अंथरली. सर पलंगाजवळ गेले. मामाने त्यांच्याकडे बघितलं आणि उचलून घ्यायला सांगणाऱ्या पोरासारखे दोन्ही हात वर केले. सर वाकले. मामाने हात त्यांच्या गळ्यात घातले, घट्ट, आणि सगळं वजन सोडून दिलं.

"एक हात मानेखाली," मामा त्यांच्या कानाशी म्हणाला. "एक खुब्याखाली. हळू हां, आत लोखंड हाय. आनि पाठीला हात लावू नको, तिथं कातडी नाजूक हाय."

सरांनी हात पुढे केला, मग मागे घेतला. दुसरीकडनं घालून बघितला. त्यांच्या कपाळावर घाम आला. ड्रायव्हर दारात उभा होता, त्याला त्यांनी खूण केली, तर तो अंगणातल्या कोंबड्या मोजायला लागला. बराच वेळ ते तसेच वाकून होते, गळ्यात कोंडूमामा.

"सोडा," शेवटी ते म्हणाले. "सोडा मला."

मामाने सोडलं. सरांनी शर्ट सारखा केला, कागदाची घडी घातली, आणि मी परत येईन असं भागीरथीला सांगितलं.

"या," भागीरथी म्हणाली. "येताना आनखी दोन मानसं आना. मामा जड हाय."

अंगणात गाडी सुरू झाली. मामा पलंगावर मान उंचावून बघत होता, पण खिडकी वर होती.

"हँडल फिरव गो," तो सकुमामीला म्हणाला. "गाडी जाताना बघू दे."